खमंग बिअर

बिअरचा रंग कोणता, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं. पिवळा! टॅपरूमची चटक लागलेली मंडळी फार तर आणखी दोन रंग सांगतील. आमरसात पाणी घातल्यासारखी गढूळ हेझी आयपीए, आणि कोऱ्या कॉफीसारखी काळीभोर स्टाउट. या सगळ्यांच्या बरोब्बर मधे एक रंग आहे, आणि मेन्यूकार्डवर नेमक्या त्याच ओळीवरून आपली नजर सर्रकन खाली घसरते. तांबूस. बिनदुधाच्या चहाचा रंग. त्या बिअरचं नाव अंबर एल.

अंबरला मराठीत तृणमणी म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची राळ, दगडासारखी घट्ट झालेली. लोकरीवर घासली की गवताची काडी ओढून घेते, म्हणून तृणमणी. काय झकास शब्द आहे! पण 'एक ग्लास तृणमणी' अशी ऑर्डर दिली तर वेटर थेट मॅनेजरलाच बोलावेल, तेव्हा आपण अंबरच म्हणू या.

या आठवड्याचा कॉलम अमेरिकेतून. सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडमध्ये माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहतात. रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव, त्यामुळे संध्याकाळी पार्कात फिरायला गेलं की कानावर कोथरूडइतकंच मराठी पडतं. इथे बिअर चक्क किराणा दुकानात मिळते. एका बाजूला दूध-अंडी, दुसऱ्या बाजूला बिअरची अख्खी भिंत. त्या भिंतीवर मी हिशोब मांडत उभी होते. डोळ्यांच्या उंचीवर आयपीए, त्यावर आयपीए, त्याखाली आणखी आयपीए. अंबर शोधायला वाकावं लागलं. सगळ्यात खालच्या फळीवर तीन-चार सिक्सपॅक, त्यातला एक मी उचलला. अलास्कन अंबर. बारा डॉलरच्या आसपास. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला (इथे २१ पूर्ण लागतात, महाराष्ट्रातही बिअरसाठी तेवढेच लागतात, फक्त आपल्याकडे कुणी इतक्या प्रेमानं विचारत नाही). दादाची प्रतिक्रिया मात्र तिखट होती. "अगं, हे काय अंकल लोकांचं घेतलंस?"

अंकल लोकांचं! हा शिक्का फक्त दादाच मारत नाही. क्राफ्ट बिअर पिणाऱ्यांच्या जगात अंबर म्हणजे 'सेफ', 'बोअरिंग', आई-बाबांना सोबत नेलं तर त्यांच्यासाठी मागवायची बिअर. मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला हा सिक्सपॅक एकदम योग्य उमेदवार आहे.

आधी त्याचं घराणं. अलास्काची राजधानी जुनो. राजधानी असून या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही. समोर समुद्र, पाठीमागे हिमनद्या. जायचं तर बोटीनं नाही तर विमानानं. अशा ठिकाणी १९८६ साली मार्सी आणि जेफ लार्सन या जोडप्यानं ब्रुअरी काढली. तेव्हा अख्ख्या अलास्कात दुसरी ब्रुअरी नव्हती. दोघंही २८ वर्षांचे! (हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. माझ्या नावावर या वयात एक लॅपटॉप आणि त्याचे उरलेले हप्ते आहेत.) जेफ केमिकल इंजिनीअर, घरी हौसेनं बिअर बनवणारा. आणि रेसिपी सापडली मार्सीला, जुन्या नोंदी चाळताना. जुनोसमोरच्या डग्लस गावात १८९९ ते १९०७ या काळात एक ब्रुअरी होती, सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या लोकांची तहान भागवणारी. तिथे बनणाऱ्या बिअरचा माग काढत दोघांनी जी बिअर तयार केली, तीच ही अंबर. १९८८ मध्ये ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये सामान्य पिणाऱ्यांनी मतं देऊन तिला पहिला नंबर दिला. जिथे माल्टचं पोतंसुद्धा बोटीतून येतं, अशा गावच्या बिअरला!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. बिअर गाळून झाली की बार्लीचा चोथा उरतो. बाकीचे ब्रुअर्स तो आसपासच्या शेतकऱ्यांना देऊन टाकतात, गाईगुरं आनंदानं खातात. जुनोच्या आसपास शेतंच नाहीत. म्हणून यांनी पुढे तो चोथाच जाळणारा बॉयलर बसवला आणि त्याच्या वाफेवर नवी बिअर शिजवायला लागले. उसाच्या चिपाडावर चालणारी आपली गुऱ्हाळं आठवतायत ना? तोच फंडा.

आता रंगाचं रहस्य. कुणी म्हणेल कॅरॅमलचा कलर टाकत असतील. तसं नाही. तुमच्या घरी लहानपणी नाचणीचं सत्त्व करायचे का? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बिअरच्या माल्टची सुरुवात अशीच होते, फक्त नाचणीच्या जागी बार्ली. पण अंबरसाठी त्यातली थोडी बार्ली वेगळी काढतात. मोड आल्यावर ती लगेच वाळवत नाहीत, ओलसर असतानाच साधारण ६५ ते ७० अंशांवर उबेला ठेवतात. दाण्याच्या आत, सालाला धक्का न लागता, पिठाची साखर होते. मग हे दाणे ड्रममध्ये भाजायचे. आतला पाक काचेसारखा कडक होतो, म्हणून नाव क्रिस्टल माल्ट. कमी भाजलं तर मधाळ, जास्त भाजलं तर टॉफी, आणखी पुढे गेलं तर मनुका, आणि त्याहीपुढे गेलं तर कडवट. यातली बरीचशी साखर यीस्टला पचत नाही, त्यामुळे ती बिअरमध्ये तशीच राहते आणि जिभेवर थोडं अंग येतं. म्हणजे अंबर एल ही मुळात भाजण्याची कला आहे. आणि भाजण्यातलं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही!

तर, टेस्टिंग. पहिली बाटली मी फ्रीजमधून काढली आणि वीस मिनिटं ओट्यावर नुसती ठेवून दिली. दादा अस्वस्थ. आपल्याकडे बिअर म्हणजे दातांत कळ जाईल इतकी गार हवी असते. लागर असेल तर ठीक आहे, पण अंबर इतकी गार प्यायलात तर जीभ बधिर होते आणि भाजलेल्या धान्याची चव जाते कुठल्या कुठे. दहा-बारा अंश पुरे. ग्लास साधा चालेल, फक्त त्याला भांडी घासायच्या साबणाचा वास नको. तिरका धरून ओतायला सुरुवात करा, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. फेस म्हणजे फसवणूक नाही, सगळा वास त्याच्याच आत असतो.

रंग: गडद तांबूस, खिडकीपाशी धरला की कडेला केशरी. पूर्ण नितळ. फेस मळकट पांढरा, चांगला टिकणारा.

वास घेतला आणि मी वहीत टिपणाऱ्यांच्या नेहमीच्या भाषेत 'बिस्किट, टॉफी, ब्रेड क्रस्ट' असं लिहायला लागले. मग पेन थांबलं. माझं बालपण टॉफीत गेलं नाही, ब्रेडच्या कडा तर मी काढून टाकायचे. हा वास मला माहीत होता, पण दुसऱ्याच नावानं. थालीपिठाची भाजणी! कढईत एकेक धान्य परतून घेतल्यावर, ते गिरणीत न्यायच्या आधी परातीत पसरून ठेवल्यावर स्वयंपाकघरभर जो वास सुटतो, तो. त्याच्यामागे गुळाची ढेप नुकती फोडल्यासारखा एक हलका गोडवा. वहिनींना ग्लास दिला, काही सांगितलं नाही. त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, "खमंग आहे गं."

खमंग! इंग्रजीत याला एक शब्द नाही. 'रोस्टेड' म्हटलं तर कॉफी आठवते, 'टोस्टी' म्हटलं तर टोस्टर. खमंग म्हणजे नीट भाजलेलं, करपायच्या एक क्षण आधी उतरवलेलं, आणि वासानंच भूक लावणारं. अख्ख्या स्टाइलचं वर्णन तीन अक्षरांत झालं. टेस्टिंग शीटवर पाइन लिहिलं की आपण मान डोलावतो, आपल्यातल्या किती जणांनी पाइनचं झाड हुंगलंय? ग्रेपफ्रूट म्हणतात तेव्हा मला पपनस कळतं. आंबट-कडू, सालीला तेलकट वास. आपल्या शब्दांत लिहून बघा, बिअर जास्त कळते. निदान मला तरी तेव्हाच कळायला लागली.

चव: पहिल्या घोटात तोच खमंगपणा, मग मऊ गोडवा, आणि गिळताना मागच्या बाजूला अगदी थोडा कडूपणा, मेथीची भाजी छान जमली की राहतो तितकाच. कडूपणा मोजायचं एक माप असतं, आयबीयू. आयपीएमध्ये ते चाळीस, साठ, कधी त्याहून वर जातं. इथे फक्त १८. अल्कोहोल ५.३ टक्के. हॉप्स युरोपातले आणि इथल्या पॅसिफिक किनाऱ्याकडचे, पण ते पुढे पुढे करत नाहीत. फिनिश स्वच्छ. घोट संपला की तोंडात चिकटा राहत नाही, त्यामुळे हात आपोआप ग्लासकडे जातो.

तक्रार? आहे. एक म्हणजे हॉप्सचा वास जवळजवळ नाहीच, पपनसाची आवड असलेल्यांना हुकल्यासारखं वाटेल. दुसरं म्हणजे बाटली फार वेळ बाहेर राहिली तर गोडवा वर येतो आणि शेवटचे दोन घोट रेंगाळतात. आणि एक तांत्रिक मुद्दा, कारण तुमच्यापैकी कुणीतरी पत्र लिहिणारच: शास्त्राप्रमाणे ही पक्की अमेरिकन अंबर नाही. ही जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'आल्ट' घराण्यातली आहे. आल्ट म्हणजे जुनं. एलचंच यीस्ट, पण थंडाव्यात, सावकाश आंबवलेलं, म्हणून चव इतकी गोलाकार. अमेरिकन अंबर यापेक्षा कडू असते आणि तिच्यात हॉप्सचा वासही जास्त असतो. दुकानदाराला यानं काही फरक पडत नाही, बाटलीवर अंबर लिहिलंय ना!

खाण्याबरोबर मात्र ही बिअर जे करते ते आयपीएला सात जन्मांत जमणार नाही. पाइक प्लेस मार्केटमधून आणलेला स्मोक्ड सामन होता, तो ठीकच गेला, लोक म्हणतात तितकी जादू मला दिसली नाही. जादू झाली भाजणीच्या चकलीबरोबर. भाजलेल्याला भाजलेलं भेटलं! वहिनींनी खास माझ्यासाठी केलेला ठेचा होता, तोही लावून पाहिला. कडू बिअरवर मिरची आणखी पेटते, हा अनुभव तुम्हालाही असेल. अंबरचा गोडवा तीच आग थोडी खाली बसवतो. सुक्कं मटण, तंदुरी काहीही, कोथिंबीर वडी, तव्यावरचं पनीर... जिथे आच लागून कड लाल झालीय तिथे अंबर चालणार. श्रीखंडाबरोबर नको, प्लीज.

मग एवढी गुणी बिअर खालच्या फळीवर का गेली?

दादाकडे याचं एक उदाहरण तयार होतं. तो नवा नवा अमेरिकेत आला तेव्हा पहिली दोन वर्षं कोलोरॅडोत होता. फोर्ट कॉलिन्सच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीची फॅट टायर ही त्याची पहिली क्राफ्ट बिअर. जेफ लेबेश नावाचा इंजिनीअर सायकलवरून बेल्जियम फिरला, तिथल्या बिअरवर फिदा झाला, आणि १९९१ मध्ये त्यानं आणि किम जॉर्डननं तळघरातून धंदा सुरू केला. लेबलवर लाल सायकल. पुढे अमेरिकेत अंबर म्हटलं की लोकांना फॅट टायरच आठवायची. २०१९ मध्ये कंपनी किरिन या जपानी समूहाच्या हातात गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये फॅट टायरची रेसिपीच बदलली. रंग सोनेरी, चव हलकी, लेबलवरून अंबर हा शब्दच गायब! नव्या पिढीला हलकं आणि कुरकुरीत हवं असतं, हा त्यामागचा हिशोब. "नाव तेच ठेवलं आणि माणूस बदलला," दादा म्हणाला. गंमत म्हणजे हाच दादा गेली पाच वर्षं हेझीशिवाय काही विकत घेत नाहीये. मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हो, पण ती तिथे असायला हवी होती ना."

नेमकं इथेच घोडं अडतं. 'असायला हवी' असं सगळ्यांना वाटतं, विकत कुणी घेत नाही.

दुसरं उदाहरण ऐकून तर तुम्ही उडालच. कॅलिफोर्नियात हॉपलँड नावाच्या छोट्या गावात १९८३ मध्ये मेंडोसिनो ब्रुइंग कंपनीनं त्या राज्यातला पहिला ब्रूपब उघडला. त्यांची स्टार बिअर होती रेड टेल एल, म्हणजेच अंबर, या स्टाइलच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांपैकी एक. १९९७ मध्ये ही कंपनी कुणी ताब्यात घेतली असेल? आपल्या विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपनं! म्हणजे अमेरिकन अंबरच्या एका मूळ घराची किल्ली वीस वर्षं किंगफिशरवाल्यांकडे होती. आणि त्या काळात इथल्या आपल्यासारख्यांनी अंबरचं नावही ऐकलं नव्हतं. २०१८ च्या जानेवारीत कंपनीनं काम बंद केलं.

आता पुण्याकडे वळू या. आपल्याकडे २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झालं तेव्हापासून ताज्या बिअरची हवा आली. (नाव आपल्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत गोरे सोल्जर म्हणे वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला डूलाली म्हणतात. नाशिककरांनी हे फार मनावर घेऊ नये.) त्यानंतर टॅपरूम्स वाढल्या, पण अंबर मात्र पाहुण्यासारखी येते-जाते. कधी 'रेड एल' नावानं, कधी 'सीझनल' म्हणून. जी बिअर खपत नाही ती टाकीत पडून राहते, आणि अंबरचं पडून राहणं पटकन लक्षात येत नाही हाच खरा धोका. हेझी शिळी झाली की कळते, वास उडतो, रंग काळवंडतो. अंबर शिळी झाली की आधी नुसती जास्त गोड लागते आणि आपल्याला वाटतं, अशीच असेल!

गेल्या वर्षी एका टॅपरूममध्ये, नाव नको, मला दिलेल्या अंबरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता. वेटर म्हणाला, "मॅडम, क्राफ्ट आहे, असंच असतं." नसतं! पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागलीय. पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास ठळक येत असेल तर आंबवणं पूर्ण झालेलं नाही किंवा नळ्या साफ नाहीत. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर सरळ परत करा. आणि ग्लास मागवण्याआधी टेस्टर मागा. छोटा घोट चाखायला बहुतेक ठिकाणी देतात, लाजायचं काही कारण नाही. कधी ब्रू केली हेही विचारा. उत्तर देता आलं तर जागा चांगली.

कारण पैसे आपले आहेत. चारशेच्या आत एक ग्लास क्वचितच मिळतो. खास माल्ट आणि हॉप्स बऱ्याचदा परदेशातून येतात, वर एक्साइज, वर जागेचं भाडं. दोन ग्लास आणि एक प्लेट काहीतरी म्हणजे महिन्याच्या इंटरनेटचं बिल गेलं. तेवढ्यात फोटोत चांगली दिसणारी बिअर घ्यायची की संपवावीशी वाटणारी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या टेबलावरचा अनुभव असा की हेझीचा पहिला ग्लास सगळ्यांना आवडतो आणि दुसरा अर्धा राहतो. अलास्कन अंबरची दुसरी बाटली आम्ही तिघांनी वाटून घेतली, आणि तिसरी कुणी उघडली हे आठवायला वेळ लागला. दादानं उघडली होती. अंकल लोकांची म्हणणाऱ्यानं.

मार्क द्यायचेच तर रंगाला पूर्ण, वासाला साडेतीन, खाण्याबरोबर पाच, एकूण पाचपैकी चार. भारतात ही बाटली माझ्या तरी नजरेला पडलेली नाही, त्यामुळे तिकडून कुणी येणार असेल तर आत्ताच फोन करा. बाटल्या सामानात टाकायच्या, केबिन बॅगेत नाही, आणि प्रत्येक बाटलीला एक जाड मोजा. सहावी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे. वहिनींनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवलीय, स्वतःच्या नावाची.